कर्करोगाच्या पेशीला साखर कोण देते?

पेट स्कॅनसाठी आलेल्या रुग्णाला आधी दोन गोष्टी विचारतात : शेवटचे कधी खाल्ले आणि मधुमेह आहे का? मग बोटाला सुई टोचून रक्तातली साखर पाहतात. ती फार वाढलेली असेल, तर स्कॅन पुढे ढकलला जातो. त्यामागचे कारण समजून घेतले, की तोंडाच्या कर्करोगावरच्या एका महत्त्वाच्या संशोधनाची दिशा आपोआप कळते.

या स्कॅनसाठी शिरेतून जे द्रव्य देतात, त्याचे नाव एफडीजी. ग्लुकोजच्या रेणूत थोडा फेरफार करून त्याला फ्लोरिन-१८ हा किरणोत्सारी अणू जोडलेला असतो. पेशीला ते ग्लुकोजच वाटते. ती ते आत घेते, हेक्झोकायनेज नावाचे एन्झाइम त्याला फॉस्फेट चिकटवते आणि पुढची पायरी जमत नसल्याने ते तिथेच अडकून राहते. जी पेशी जास्त साखर ओढते, ती पडद्यावर जास्त चमकते. गालफडातली मूळ गाठ, मानेत उतरलेल्या गाठी, फुप्फुसापर्यंत गेलेला रोग असे सारे त्या चमकेवरून शोधता येते. रक्तात आधीच भरपूर साखर असेल, तर एफडीजीला आत शिरायला वाव कमी मिळतो आणि चित्र फिके पडते. फ्लोरिन-१८ चे अर्धायुष्य जेमतेम ११० मिनिटांचे असल्याने ते साठवून ठेवता येत नाही, सायक्लोट्रॉन जवळपासच असावे लागते. भारतातले पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ मध्ये मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाले.

कर्करोगाची गाठ साखर ओढते, हे घरच्यांनाही कुठून तरी कळते आणि त्यातून एक निष्कर्ष काढला जातो. चहातली साखर बंद होते. मग भात, केळी, दूध, शिरा, खीर, सगळेच बंद होते. ‘साखर खाल्ली तर गाठ वाढते’ हे शेजारी, नातेवाईक आणि मोबाइलवर फिरणारे व्हिडिओ इतक्या ठामपणे सांगतात, की रुग्णाच्या ताटात शेवटी पातळ वरण आणि दुधीचा रस उरतो. तोंडाच्या कर्करोगात हा उपाय घातक आहे. या रुग्णाचे तोंड आधीच नीट उघडत नसते, चावणे दुखत असते. शस्त्रक्रियेनंतर सहा-सात आठवडे किरणोपचार चालतात, तोंड आतून सोलवटते, गिळवत नाही, नाकातून नळी घालून अन्न द्यावे लागते. अशा वेळी वजन घटले की किरणोपचारात खंड पडतो, आणि खंड पडला की रोगाला संधी मिळते.

शिवाय उपाशी राहून गाठीची साखर तोडताच येत नाही. आहारातून ग्लुकोज आले नाही, तर यकृत ते तयार करते. त्यासाठी स्नायूंमधली प्रथिने मोडली जातात. रक्तातली साखर ठरावीक पातळीच्या खाली जाऊ नये, याची शरीर शिकस्त करते, कारण मेंदूचे काम मुख्यतः तिच्यावर चालते. म्हणजे साखर बंद करणाऱ्या रुग्णाच्या दंड-मांड्या सुकत जातात आणि गाठीला मिळायचे ते मिळतच राहते.

गाठीच्या साखरेवर घाव घालायचा असेल, तर तो पेशीच्या आत, ती साखर उचलण्याचा हुकूम जिथून सुटतो तिथे घालावा लागेल. त्यासाठी लागणारी काही औषधे जगात उपलब्ध आहेत आणि त्यांतली कित्येक स्वस्त आहेत. ती आपल्या रुग्णांवर, आपल्या पद्धतीच्या मुखकर्करोगावर नीट तपासून पाहण्याची जबाबदारी मात्र भारताने, आणि त्यातही महाराष्ट्राने, उचलली पाहिजे. ती दुसरे कोणी उचलणार नाही.

या कथेची सुरुवात शंभर वर्षांपूर्वी बर्लिनमध्ये झाली. १९२० च्या दशकात ओटो वारबुर्ग या जीवरसायनशास्त्रज्ञाने उंदरांच्या गाठींचे पातळ काप घेऊन ते किती ऑक्सिजन वापरतात आणि किती लॅक्टिक आम्ल सोडतात, हे मोजले. निरोगी ऊतीला ऑक्सिजन मिळाला, की ती ग्लुकोज पुरते जाळते. ऑक्सिजन कमी पडला, की ते अर्धवट मोडून लॅक्टिक आम्ल बनवते. धावताना स्नायूंमध्ये हेच होते. गाठीची ऊती मात्र ऑक्सिजन हाताशी असतानाही ढीगभर ग्लुकोज अर्धवट मोडत होती. १९२५ मध्ये कार्ल आणि गर्टी कोरी या दाम्पत्याने हेच जिवंत प्राण्यात दाखवले. कोंबडीच्या एका पंखात गाठ होती आणि दुसरा पंख निरोगी होता. गाठीकडून येणाऱ्या शिरेतल्या रक्तात ग्लुकोज कमी आणि लॅक्टिक आम्ल जास्त निघाले.

हिशेबाने पाहिले तर हा तोट्याचा व्यवहार वाटतो. ग्लुकोजचा एक रेणू पुरता जाळला, तर पेशीला ऊर्जेचे सुमारे ३० एटीपी रेणू मिळतात. अर्धवट मोडला, तर निव्वळ दोन. वारबुर्ग यांना वाटले, की कर्करोगाच्या पेशीचे श्वसनयंत्रच बिघडलेले असावे. १९३१ चे नोबेल पारितोषिक त्यांना श्वसनाच्या एन्झाइमवरील कामासाठी मिळाले होते, त्यामुळे या मताला वजनही होते. पण पुढे दिसून आले, की बहुतेक गाठींमध्ये हे श्वसन करणारी मायटोकॉन्ड्रिया ठीकठाक चालतात. कारण वेगळे होते. दुभंगत सुटलेल्या पेशीला ऊर्जेइतकाच कच्चा माल लागतो. नव्या डीएनएसाठी शर्करा, नव्या आवरणासाठी मेद, नव्या प्रथिनांसाठी अमिनो आम्ले हवी असतात. ग्लुकोज अर्ध्या वाटेवर मोडले, की त्याचे कार्बन या कामांकडे वळवता येतात. जे उरते ते लॅक्टिक आम्ल बाहेर फेकले जाते. त्याने आजूबाजूचा भाग आम्लधर्मी होतो आणि गाठीवर चालून येणाऱ्या रोगप्रतिकारक टी पेशी तिथे थकतात.

मग पेशीला इतकी साखर उचलायला सांगते कोण? याचे उत्तर हळूहळू उलगडत गेले. पेशीच्या पृष्ठभागावर संदेश झेलणारे रिसेप्टर असतात. त्यांतला ईजीएफआर हा वाढीचा संदेश झेलणारा रिसेप्टर डोके आणि मानेच्या बहुसंख्य कर्करोगांत नको तितका वाढलेला असतो. संदेश मिळाला, की तो आतल्या पीआय३के या एन्झाइमला जागे करतो, पीआय३के एकेटीला, एकेटी एमटॉरला. या साखळीच्या टोकाला साखरेचा बंदोबस्त होतो. ग्लुट-१ ही ग्लुकोज आत ओढणारी प्रथिने पेशीच्या आवरणावर वाढतात, हेक्झोकायनेज-२ चे प्रमाण चढते, लॅक्टिक आम्ल बनवणारी एन्झाइम कामाला लागतात. उसाच्या पट्ट्यातल्या वाचकाला हे चटकन समजेल. ऊस शेतात कितीही उभा असो, कारखान्याकडून तोड मिळेपर्यंत तो गाळपाला जात नाही. रक्तातल्या ग्लुकोजचेही तसेच आहे. कर्करोगाच्या पेशीत बिघाड होतो तो हा, की तिला अखंड तोड मिळत राहते.

हा संबंध किती घट्ट आहे, याचा पुरावा एका वेगळ्याच कर्करोगाने दिला. जठर आणि आतड्यांच्या भिंतीत होणाऱ्या जीआयएसटी या गाठीत एकच रिसेप्टर कायम चालू राहिलेला असतो. इमॅटिनिब ही गोळी तो बंद करते. ही गोळी सुरू केल्यावर अवघ्या काही दिवसांत, कधी एका दिवसातच, पेट स्कॅनवरची गाठीची चमक विझते. गाठीचा आकार कमी व्हायला आठवडे लागतात. म्हणजे हुकूम थांबताच साखर उचलणे थांबते, पेशी मरतात त्या नंतर.

साखरेच्या चयापचयावरच सरळ हल्ला करण्याचे प्रयत्नही झाले. २-डीजी हे नाव मराठी वाचकाला नवे नाही. मे २०२१ मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, डीआरडीओ आणि डॉ. रेड्डीज यांच्या या औषधाला आपत्कालीन परवानगी मिळाली होती. तोवर बहुतेकांनी हे नाव ऐकलेही नव्हते. कर्करोगाच्या क्षेत्रात मात्र ते जुने आहे. ग्लुकोजसारखे दिसणारे हे द्रव्य पेशीत शिरून साखरेची पुढची वाट अडवते, म्हणून १९५० च्या दशकापासून ते कर्करोगाविरुद्ध वापरून पाहिले गेले. दिल्लीच्या इन्मास या डीआरडीओच्या संस्थेत मेंदूच्या गाठींसाठी किरणोपचाराबरोबर त्याचा अभ्यास अनेक वर्षे चालला. अडचण अशी, की मेंदू, हृदय, टी पेशी असे सारेच ग्लुकोज वापरतात. मात्रा वाढवली, की रुग्णाला साखर उतरल्यासारखा घाम फुटतो, गरगरते. मात्रा कमी ठेवली, तर गाठ दाद देत नाही. वाट सर्वांचीच असेल तर ती अडवून भागत नाही. हुकूम मात्र कर्करोगाच्या पेशीत बिघडलेला असतो, म्हणून तो रोखणाऱ्या औषधांकडे, म्हणजे संदेशरोधकांकडे, आशेने पाहिले जाते.

मुखकर्करोगात याची पहिली पायरी ईजीएफआरची होती. २००६ मध्ये अमेरिकेत सेटुक्सिमॅब हे ईजीएफआर अडवणारे प्रतिपिंड डोके-मानेच्या कर्करोगासाठी मंजूर झाले. क्युबात विकसित झालेले निमोटुझुमॅब हे तसेच प्रतिपिंड बेंगळुरूच्या बायोकॉनने त्याच वर्षी भारतात आणले. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने ५३६ रुग्णांवर केलेल्या चाचणीत सिस्प्लॅटिन हे केमोथेरपीचे औषध आणि किरणोपचार यांना निमोटुझुमॅबची जोड दिल्यावर रोग आटोक्यात राहण्याचा काळ वाढल्याचे दिसले. ही प्रगती खरी होती, पण तिला मर्यादाही होत्या. ईजीएफआर बंद झाला, की काही पेशी त्याच्या खालच्या पायरीवरून, म्हणजे पीआय३केवरून, काम सुरू ठेवतात. कर्करोगाच्या जनुकांचा नकाशा काढणाऱ्या अमेरिकेतल्या टीसीजीए प्रकल्पाने २०१५ मध्ये डोके-मानेच्या २७९ गाठी तपासल्या. त्यांत साधारण पाचातल्या एका गाठीत पीआय३के घडवणारे जनुकच बदललेले होते.

मग पीआय३केच का अडवू नये? अडवले गेले. बुपारलिसिब हे पीआय३के-रोधक पॅक्लिटॅक्सेल या केमोथेरपीच्या औषधाबरोबर दिल्यावर डोके-मानेच्या कर्करोगात रोग थोपून राहण्याचा मध्यकाल साडेतीन महिन्यांवरून साडेचार महिन्यांच्या जरा वर गेला, असे १५८ रुग्णांच्या चाचणीत २०१७ मध्ये दिसले. रुग्णासाठी एक महिनाही मोलाचा असतो. पण प्रयोगशाळेत इतके प्रभावी ठरणारे औषध माणसात इतके दुबळे का पडते, हा प्रश्न सतावत राहिला.

त्याचे एक उत्तर २०१८ मध्ये मिळाले, आणि या लेखाच्या दृष्टीने ते सर्वांत महत्त्वाचे आहे. पीआय३के शोधणारे लुईस कँटली आणि कर्करोगतज्ज्ञ-लेखक सिद्धार्थ मुखर्जी यांचा सहभाग असलेल्या संशोधनात उंदरांना पीआय३के-रोधक दिले गेले. पीआय३के ही नेमकी इन्सुलिनचा संदेश पोहोचवणारी वाट आहे. ती साऱ्या शरीरात अडली, की स्नायू साखर उचलत नाहीत, यकृत साठवलेली साखर सोडते आणि रक्तातली साखर चढते. स्वादुपिंड घाबरून आणखी इन्सुलिन ओतते. ते वाढलेले इन्सुलिन गाठीपर्यंत पोहोचते आणि औषधाने झोपवलेली पीआय३केची वाट पुन्हा जागी करते. गाठीचा हुकूम थांबवण्यासाठी दिलेल्या औषधाच्या परिणामातूनच शरीर तो हुकूम पुन्हा देते. उंदरांचे इन्सुलिन अत्यंत कमी पिष्टमय पदार्थांच्या आहाराने किंवा एसजीएलटी-२ रोधक गटाच्या मधुमेहाच्या गोळीने खाली ठेवले, तेव्हा तेच औषध कितीतरी चांगले चालले. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या नेहमीच्या गोळीचा मात्र तिथे फारसा उपयोग झाला नाही.

या निष्कर्षाचा अर्धाच भाग बाहेर पडला, तर पुन्हा ‘साखर बंद’चा गजर सुरू होईल. म्हणून दुसरा अर्धा भागही सांगायला हवा. त्याच संशोधनात रक्ताच्या कर्करोगाच्या एका प्रकारात, औषधाविना नुसता तो आहार दिला, तेव्हा उंदरांचा रोग अधिक वेगाने वाढला. आहार इथे औषधाचा जोडीदार आहे, तोही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. स्वयंपाकघरात ठरवून करायचा उपाय म्हणून तो कोणीही घेऊ नये.

भारताच्या दृष्टीने या शोधाचे वजन फार मोठे आहे. २०१९ मध्ये स्तनाच्या कर्करोगासाठी मंजूर झालेल्या अल्पेलिसिब या पीआय३के-रोधकाच्या मुख्य चाचणीत जवळपास दोन-तृतीयांश रुग्णांची साखर वाढली होती. मधुमेह आटोक्यात नसलेल्यांना त्या चाचणीत घेतलेलेच नव्हते. आणि आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, आणखी १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. पन्नाशीतला, पोट सुटलेला, तंबाखू खाणारा आणि साखरेची गोळी घेणारा माणूस आपल्या कर्करोग रुग्णालयांच्या रांगेत अपवाद नाही. असा रुग्ण ज्या चाचण्यांतून वगळला गेला, त्यांचे निष्कर्ष त्याला जसेच्या तसे कसे लावणार?

साखळीतली पुढची कडी एमटॉरची. तिला अडवणारे रॅपामायसिन हे औषध प्रशांत महासागरातल्या ईस्टर बेटाच्या मातीतून आले. १९६४ मध्ये एका कॅनेडियन मोहिमेने ती माती आणली आणि मॉन्ट्रियलच्या आयर्स्ट प्रयोगशाळेत भारतीय वंशाचे सुरेंद्रनाथ सहगल यांनी त्या मातीतल्या जिवाणूने बनवलेले हे द्रव्य वेगळे केले. आज ते मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर दिले जाते आणि त्याची जेनेरिक रूपे बाजारात आहेत. शस्त्रक्रियेआधी मोजक्या डोके-मानेच्या रुग्णांना ते देऊन पाहिले, तेव्हा काहींच्या गाठी आक्रसल्या.

मेटफॉर्मिनची गोष्ट आणखी जवळची आहे. ही मधुमेहाची गोळी इन्सुलिन खाली ठेवते आणि एमटॉरलाही मंदावते. कर्करोग संशोधक सिल्व्हिओ गुटकिंड यांच्या गटाने मधुमेह नसलेल्या, तोंडात पांढरे चट्टे असलेल्या २६ जणांना ती तीन महिने दिली. हे चट्टे म्हणजे ल्युकोप्लाकिया, त्यांतले काही पुढे कर्करोगात बदलतात. २०२१ मध्ये आलेल्या निष्कर्षांत साधारण सहातल्या एकाचा चट्टा निम्म्याहून अधिक आक्रसला होता आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर साठ टक्क्यांच्या ऊतीत सुधारणा होती. चाचणी लहान होती, आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. दुसऱ्या बाजूला, स्तनाच्या कर्करोगात ३ हजार ६०० हून अधिक स्त्रियांवर मेटफॉर्मिनची मोठी चाचणी झाली आणि २०२२ मध्ये त्यातून काहीच लाभ हाती लागला नाही. दोन्ही निष्कर्ष शेजारी ठेवले, की एक गोष्ट पक्की होते. कोणती गाठ, कोणता टप्पा, कोणता रुग्ण, हे पाहिल्याशिवाय ‘साखरेवरचे औषध’ म्हणून काहीही सर्वांना देता येणार नाही. म्हणूनच औषधाच्या दुकानातून मेटफॉर्मिन आणून स्वतःच सुरू करणे धोक्याचे आहे.

मग आपली गाठ कोणती? पश्चिमेत डोके-मानेचा कर्करोग म्हटला, की त्यात घशाचा, एचपीव्ही विषाणूने होणारा मोठा हिस्सा येतो. आपल्याकडे तो प्रामुख्याने गालफड आणि हिरडीच्या खाचेत होतो. तंबाखू-चुन्याची चिमूट, मावा, खर्रा, गुटखा जिथे तासन् तास धरून ठेवतात, तिथेच. कल्याणीची राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकशास्त्र संस्था आणि टाटा मेमोरियलचे खारघरचे संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक यांनी २०१३ मध्ये या गाल-हिरडीच्या कर्करोगाचा जनुकीय नकाशा प्रसिद्ध केला. त्यात टीपी५३, कॅस्प-८, एचआरएएस अशी इतरत्र दिसलेली जनुके होती, तशी यूएसपी९एक्स, एआरआयडी२ यांसारखी या कर्करोगात पहिल्यांदा नोंदवलेलीही होती. एचआरएएस बदललेल्या गाठींवर टिपिफार्निब या औषधाने परदेशात लक्षणीय परिणाम दाखवला आहे. एचआरएएस आणि पीआय३के एकमेकांची कामे उचलतात. एक अडवला, की दुसरा साखरेचा हुकूम देऊ लागतो. म्हणून गाठीत कोणता बिघाड आहे, हे तपासूनच औषधांची जोडी ठरवावी लागेल.

हे सारे आपल्याला झेपेल का, असा प्रश्न विचारला जातो. परळने त्याचे उत्तर आधीच दिले आहे. टाटा मेमोरियलच्या डॉ. विजय पाटील, डॉ. वनिता नोरोन्हा, डॉ. कुमार प्रभाष आणि सहकाऱ्यांनी बरा होण्याच्या पलीकडे गेलेल्या रुग्णांना शिरेतल्या महागड्या औषधांऐवजी मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब या स्वस्त गोळ्या कमी मात्रेत, सातत्याने दिल्या. ४२२ रुग्णांच्या चाचणीत जगण्याचा मध्यकाल सिस्प्लॅटिन घेणाऱ्यांत ६.१ महिने होता, गोळ्या घेणाऱ्यांत ७.५ महिने. पुढे त्यात एर्लोटिनिब हा ईजीएफआरचा संदेशरोधक जोडला, आणि मग या तीन गोळ्यांना निवोलुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाची, नेहमीच्या मात्रेच्या दशांशाहूनही कमी, जोड देऊन पाहिली. १५१ रुग्णांच्या त्या चाचणीत निवोलुमॅबमुळे वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांची जगभर दखल घेतली गेली. ही चाचणी साखरेच्या चयापचयावर बेतलेली नव्हती. पण संदेशरोधक, इम्युनोथेरपी आणि जुनी औषधे यांची परवडणारी मोट सरकारी रुग्णालयात बांधता येते आणि तिच्यातून ठोस उत्तर काढता येते, हे तिने सिद्ध केले.

यावर एक आक्षेप हमखास येईल, आणि तो रास्त आहे. मुखकर्करोगाचे मूळ तंबाखू आणि सुपारीत आहे, मग पेशीतल्या संदेशांवर पैसा का घालवायचा? महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तरी २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातला जवळपास दर चौथा प्रौढ धूरविरहित तंबाखू खात होता. बंदीची अंमलबजावणी, गडचिरोलीतल्या मुक्तिपथ या व्यसनमुक्ती मोहिमेसारखे गावोगावचे काम आणि तोंडाची तपासणी यांना पर्याय नाही. केरळात पावणेदोन लाखांहून अधिक लोकांवर झालेल्या तपासणीच्या प्रयोगात तंबाखू-दारूचे व्यसन असलेल्यांमधले मुखकर्करोगाचे मृत्यू एक-तृतीयांशाने कमी झाल्याचे २००५ मध्ये दिसले. हे काम आधी व्हायला हवे. पण २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात एका वर्षात ओठ-तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण निघाले आणि जवळपास ८० हजार मृत्यू झाले. जगातल्या अशा रुग्णांपैकी एक-तृतीयांशाहून अधिक एकट्या भारतातले. आज तंबाखूची विक्री पूर्ण थांबली, तरी पुढची वीस-तीस वर्षे आधीच्या व्यसनाची फळे रुग्णालयांत येत राहतील. त्या माणसांनाही उपचार हवेत.

काय करता येईल, हे पुरेसे स्पष्ट आहे. निदान आणि शस्त्रक्रिया यांच्यामध्ये मोठ्या सरकारी रुग्णालयांत रुग्णाला तसेही दोन-तीन आठवडे थांबावे लागते. शस्त्रक्रिया एक दिवसही पुढे न ढकलता, रुग्णाच्या संमतीने, या काळात संदेशरोधक देता येईल. औषधाआधी पेट स्कॅन, शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी पुन्हा पेट स्कॅन, आणि काढलेल्या गाठीत ग्लुट-१ व पीआय३के-एकेटी साखळीची तपासणी केली, तर कोणत्या गाठीने साखर ओढणे थांबवले आणि कोणत्या गाठीने पळवाट काढली, हे थोड्या रुग्णांतही कळेल. त्यावरून पुढच्या मोठ्या चाचणीत कोणाला घ्यायचे, हे ठरवता येईल. ३०० हून अधिक केंद्रे जोडणारी नॅशनल कॅन्सर ग्रिड ही व्यवस्था २०१२ पासून अस्तित्वात आहे. तिच्यामार्फत परळ, खारघर आणि नागपूरच्या रुग्णांच्या गाठी एकाच पद्धतीने तपासता येतील.

या चाचण्यांत मधुमेही रुग्णाला दारातून परत पाठवू नये. उपाशीपोटीचे इन्सुलिन आणि तीन महिन्यांची सरासरी साखर प्रत्येकाची मोजावी. संदेशरोधकाबरोबर मधुमेहाची कोणती गोळी चालते आणि कोणती गाठीला मदत करते, हा प्रश्न बाजूची नोंद म्हणून न ठेवता चाचणीच्या मुख्य प्रश्नांत घ्यावा. प्रत्येक गटात आहारतज्ज्ञ असावा. कारण या औषधांनी साखर चढली, की घरचे लोक पुन्हा रुग्णाचे जेवण तोडतील.

दुसरे काम मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांचे आहे. तोंड कमी उघडणारे, पांढरे चट्टे असलेले तरुण तिथे रोज येतात. सुपारीतल्या अरेकोलीनने आतली त्वचा ताठरलेली असते. मेटफॉर्मिनची ती छोटी चाचणी मोठी करून, तुलनेच्या गटासह, हजारभर रुग्णांवर, दोन-तीन वर्षे पाठपुरावा करून इथे होऊ शकते. ती होकारार्थी निघाली, तर काही रुपयांची गोळी कर्करोग टाळण्याच्या कामी येईल. नकारार्थी निघाली, तर निदान हजारो लोकांना फुकाची आशा विकली जाणार नाही.

पैशाचा प्रश्न इथेच येतो. मेटफॉर्मिन, रॅपामायसिन, एर्लोटिनिब यांची पेटंटे संपलेली आहेत. त्यांच्यावर चाचणी करून कोणत्याही कंपनीला नफा मिळणार नाही, म्हणून ती कोणतीही कंपनी करणार नाही. आयसीएमआर, केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि राज्य शासन यांनाच तो खर्च करावा लागेल. महाराष्ट्राच्या वैद्यकीय शिक्षण विभागाने पुढच्या अर्थसंकल्पात यासाठी स्वतंत्र तरतूद मागावी आणि दंत महाविद्यालयांतली चट्ट्यांची चाचणी आधी सुरू करावी. तिला नवे यंत्र लागत नाही, महागडे औषध लागत नाही, आणि तिचे रुग्ण आजही बाह्यरुग्ण विभागाच्या बाकांवर बसलेले आहेत.